ओटरथालची दारं

१९२६ सालचा एप्रिल महिना. ऑस्ट्रियातल्या डोंगराळ मुलखात ओटरथाल नावाचं खेडं आहे, तिथली प्राथमिक शाळा. भर वर्गात शिक्षकाने एका अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर दोनतीनदा मारलं आणि मुलगा जागच्या जागी कोसळला. मुलगा अशक्त होता, अभ्यासात मागे होता. शिक्षकाने वर्ग सोडून दिला, त्याला उचलून मुख्याध्यापकांच्या खोलीत नेलं, डॉक्टरला बोलावलं आणि घाईघाईने शाळेबाहेर पडला. वाटेत गावातला एक शेतकरी आडवा आला. त्याच्या पोरीलाही या शिक्षकाने कान पिळून, केस ओढून मारलं होतं. तू मास्तर नाहीस, जनावरांना शिकवणारा आहेस, आत्ताच्या आत्ता पोलिसांना आणतो, असं त्याने तोंडावर सुनावलं.

तो शिक्षक म्हणजे तत्त्वज्ञ लुडविग विट्गेन्स्टाइन. तेव्हा त्याचं तर्कशास्त्रावरचं पुस्तक ‘ट्रॅक्टॅटस’ छापून चारपाच वर्षं झाली होती, आणि व्हिएन्नात, केंब्रिजमध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक त्यातल्या एकेका क्रमांकित वाक्यावर डोकं खाजवत बसले होते.

विट्गेन्स्टाइनबद्दल लिहिणारे बहुतेक जण हा प्रसंग लवकर उरकतात. मला तो उरकता येत नाही. त्याच्या तर्कशास्त्राइतकाच, किंबहुना अधिक, मला त्याच्या आयुष्यातला हा धागा महत्त्वाचा वाटतो : ओटरथालमधून निघून जाणं, आणि दहा वर्षांनी ओटरथालला परत येणं.

तो तिथे पोहोचला कसा, हे आधी सांगायला हवं. वडील कार्ल विट्गेन्स्टाइन म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पोलाद उद्योगातलं सर्वांत मोठं नाव. घरी संगीतकार ब्राम्स यायचा. बहिणीचं, मार्गारेटचं, चित्र क्लिम्टने काढलेलं. पण त्या वाड्यात सुख नांदत नव्हतं. हान्स आणि रुडॉल्फ या दोन मोठ्या भावांनी तरुणपणीच आत्महत्या केली, तिसऱ्याने, कुर्टने, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस. आठ भावंडांतला लुडविग सगळ्यांत धाकटा, जन्म २६ एप्रिल १८८९. विमानविद्या शिकायला मँचेस्टरला गेला, गणिताच्या पायाशी असलेल्या प्रश्नांनी झपाटला आणि १९११ साली केंब्रिजला तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलच्या दारात उभा राहिला. रसेलने त्या दिवसांची एक आठवण लिहून ठेवली आहे. हा तरुण रात्री उशिरा त्याच्या खोलीवर यायचा आणि पिंजऱ्यातल्या प्राण्यासारखा तासन्‌तास येरझारा घालायचा. एकदा रसेलने विचारलं, तू तर्कशास्त्राचा विचार करतोयस की तुझ्या पापांचा? उत्तर आलं, दोन्हींचा.

लोक हा किस्सा गंमत म्हणून सांगतात. मला त्यात गंमत दिसत नाही. त्याच्या लेखी विचारातला गोंधळ आणि वागण्यातला खोटेपणा ही दोन वेगळी दुखणी नव्हतीच. स्वतःशी प्रामाणिक नसलेला माणूस तर्कात प्रामाणिक कसा राहील, असा तो सरळ हिशेब होता, आणि आयुष्यभर त्याने तो स्वतःला लावला. इतरांनाही लावला, आणि तिथे तो पुष्कळदा क्रूर झाला.

१९१३ साली वडील गेले आणि अफाट संपत्ती वाट्याला आली. १९१४ साली त्याने एक लाख क्रोनन गरजू ऑस्ट्रियन लेखक-कलावंतांसाठी देऊन टाकले. त्यातले वीस हजार कवी रिल्केला मिळाले, वीस हजार कवी त्राकलला. मग युद्ध. तो सैन्यात स्वेच्छेने भरती झाला. गॅलिशियातल्या तार्नुव गावच्या पुस्तकाच्या दुकानात त्याला टॉलस्टॉयने सोपं करून सांगितलेलं शुभवर्तमान, म्हणजे येशूची कथा, मिळालं. ते तो इतकं जवळ बाळगायचा की बाकीचे शिपाई त्याला त्या पुस्तकावरूनच ओळखू लागले. १९१६ साली त्याने आघाडीवर पाठवा म्हणून स्वतः मागणी केली आणि सर्वांत धोक्याच्या टेहळणीच्या चौकीवर रात्रीची पाळी मागून घेतली. मृत्यू समोर दिसला तर आपण धड माणूस होऊ, अशी त्याची आशा होती. त्याच्या वह्यांत तर्काची सूत्रं आणि देवाची आळवणी शेजारीशेजारी आहेत. ‘ट्रॅक्टॅटस’ त्या वह्यांतून आलं. प्रकाशनासाठी धडपडताना त्याने लुडविग फॉन फिकर या संपादकाला कळवलं होतं की पुस्तकाचा गाभा नैतिक आहे, त्याचे दोन भाग आहेत, एक लिहिलेला आणि एक न लिहिलेला, आणि खरा महत्त्वाचा भाग न लिहिलेला आहे.

न लिहिलेला भाग जगून दाखवावा लागतो. १९१९ साली इटलीतल्या युद्धकैद्यांच्या छावणीतून सुटून व्हिएन्नाला आल्यावर त्याने उरलेली सगळी संपत्ती भावंडांच्या नावे करून दिली. स्वतःसाठी काहीही, कुठल्याही वाटेने, शिल्लक राहता कामा नये, असा त्याचा आग्रह होता. कागद करणारा वकील हताश झाला. त्यानंतर त्याने शिक्षकाचं प्रशिक्षण घेतलं आणि १९२० साली त्राटनबाख या गरीब खेड्यात मास्तर म्हणून रुजू झाला. तुझ्यासारख्याने खेड्यातली पोरं शिकवणं म्हणजे नाजूक यंत्राने खोकी उघडणं आहे, असं थोरली बहीण हेर्मिने त्याला म्हणाली. तो म्हणाला, तू बंद खिडकीतून बाहेर बघते आहेस. रस्त्यावरून जाणारा माणूस असा वेडावाकडा का चालतोय ते तुला कळत नाही, कारण बाहेर केवढं वादळ आहे आणि तो जेमतेम पाय रोवून उभा आहे, हे तुला आतून दिसत नाही.

शिक्षक म्हणून तो विलक्षण होता, हे मान्य करायला हवं. त्याने मुलांबरोबर मांजराचा सांगाडा जोडला, वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती बांधली, त्यांना व्हिएन्नाला नेऊन इमारतींच्या शैली ओळखायला शिकवलं. गावच्या कारखान्यातलं इंजिन इंजिनियरांना जमेना ते त्याने चालू करून दिलं, आणि बिदागी म्हणून पैसे न घेता गरीब मुलांसाठी कापड घेतलं. मुलांना शुद्धलेखन स्वतःचं स्वतः तपासता यावं म्हणून त्यांच्याच रोजच्या बोलण्यातले शब्द गोळा करून एक शब्दकोश तयार केला. तो १९२६ साली छापला गेला. हयातीत त्याची जी दोन पुस्तकं छापली गेली त्यांतलं एक ‘ट्रॅक्टॅटस’, आणि दुसरं हे.

आणि हाच माणूस मारायचा. हुशार मुलांवर जीव टाकायचा आणि ज्यांना बीजगणित जमत नाही त्यांचे केस धरायचा. मुलींचेसुद्धा. त्या काळी त्या खेड्यांत शिक्षकाचा मार ही नवलाची गोष्ट नव्हती. पण गणित येत नाही म्हणून दहा-अकरा वर्षांच्या मुलीला मारणं त्या गावकऱ्यांनाही अतिरेकी वाटलं. कधीकधी कानांतून रक्त यायचं, केस उपटून यायचे, असं पुढे सांगितलं गेलं.

हे वाचताना मला माझ्या शाळेतली एक मुलगी आठवते. अपूर्णांकांची बेरीज चुकली म्हणून सरांनी तिची वेणी धरून डोकं फळ्यावर आपटलं होतं. आम्ही सगळे खाली बघत बसलो होतो. घरी सांगायची सोय नव्हती, कारण सर चांगले होते, गावात मान होता, आणि तूच काहीतरी केलं असशील हे उत्तर ठरलेलं होतं. मध्यंतरी एका लग्नात ती भेटली. जुन्या गप्पांत त्या सरांचं नाव निघालं तेव्हा ती बोलता बोलता उठली आणि पाणी आणते म्हणून गेली, ती बराच वेळ आली नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला बंदी घातली, हे चांगलंच झालं. पण कायद्याच्या आधी ज्यांच्या वेण्या धरल्या गेल्या त्यांच्या दारात कोण गेलं?

विट्गेन्स्टाइन गेला. म्हणून तो मला सोडवत नाही.

लगेच नाही गेला. १९२६ साली त्याने राजीनामा दिला. शाळा तपासनीस थांब म्हणत होते तरी थांबला नाही. प्रकरण चौकशीला गेलं, त्याची मानसिक तपासणी करायचा आदेश निघाला. त्या चौकशीत आपण मुलांना किती मारत होतो हे त्याने खरं सांगितलं नाही. मारण्यापेक्षाही हे खोटं त्याला पुढे अधिक टोचत राहिलं. काही काळ त्याने एका मठात माळीकाम केलं. मग बहिणीसाठी व्हिएन्नात घर बांधायला घेतलं, दारांच्या मुठींपासून रेडिएटरपर्यंत मिलिमीटरचा हिशेब ठेवला, आणि घर जवळजवळ पूर्ण झाल्यावर एका दालनाचं छत तीन सेंटिमीटरने वर घ्यायला लावलं. १९२९ साली केंब्रिजला परतला आणि ट्रिनिटी कॉलेजचा फेलो झाला. बाहेरून पाहता ओटरथाल मागे पडलं होतं.

१९३६ च्या ऑगस्टमध्ये तो नॉर्वेत श्योल्डन गावाजवळ, तळ्याच्या वर कड्यावर बांधलेल्या आपल्या लाकडी घरात एकटा राहायला गेला. आधीच्या एका हस्तलिखिताचं पुनर्लेखन करू लागला, आणि ते टाकाऊ आहे असं ठरवून बाजूला केलं. मग नव्याने लिहायला बसला. त्या हिवाळ्यात त्याने जे लिहिलं तो पुढे ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ या नावाने १९५३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, आलेल्या ग्रंथाचा सुरुवातीचा भाग. हा ग्रंथ सुरू होतो तो संत ऑगस्टीनच्या ‘कन्फेशन्स’मधल्या उताऱ्याने. मोठी माणसं वस्तूंकडे बोट दाखवत, नावं घेत, आणि त्यातून मी लहानपणी बोलायला शिकलो, असं ऑगस्टीन तिथे सांगतो. म्हणजे पापाची कबुली देणाऱ्या पुस्तकातून विट्गेन्स्टाइनने नेमका उतारा उचलला तो शिकणाऱ्या मुलाचा. तो असं मुद्दाम करत होता असा माझा दावा नाही. पण त्याच आठवड्यांत, त्याच टेबलावर, तो स्वतःचा कबुलीजबाबही लिहीत होता, हे आपल्याला माहीत आहे, आणि ही दोन कामं त्याच्या मनात एकमेकांना लागून नसतील यावर माझा विश्वास बसत नाही.

त्या वर्षाअखेरीस आणि १९३७ च्या सुरुवातीला त्याने तो कबुलीजबाब माणसं निवडून निवडून ऐकवला. त्यात तत्त्वज्ञ मूर होता, जिवलग मित्र फ्रान्सिस स्किनर होता, रोलंड हट नावाचा तरुण मित्र होता. हटला त्याने एका चहाच्या हॉटेलात समोर बसवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सगळं सांगितलं. हट बिचारा संकोचाने अर्धमेला झाला. फानिया पास्कल ही त्याला रशियन शिकवायची. तिला फोन करून म्हणाला, तातडीने भेटायचं आहे. थांबता नाही का येणार, असं तिने विचारलं, तेव्हा ठामपणे नाही म्हणाला. समोर बसल्यावर तिच्या मनात आलं, जगात कुठली गोष्ट थांबू शकत असेल तर ती हीच. ती आधीच घाईत होती, घरात मूल आजारी. ऐकता ऐकता वैतागून तिने विचारलं, तुला हवंय तरी काय, निर्दोष व्हायचंय का तुला? तो अभिमानाने ताठ झाला आणि म्हणाला, अर्थातच मला निर्दोष व्हायचंय!

फानियाचा वैताग मला पूर्ण समजतो. स्वतःच्या मनावरचं ओझं उतरवायला दुसऱ्याच्या दुपारी अडवून धरणं, हा पश्चात्ताप थोडा स्वतःकडेच तोंड करून उभा असलेला वाटतो. कबुलीत गोष्टी कोणत्या होत्या? तिला प्रकर्षाने आठवत होत्या त्या दोन. एक, आपले चारांपैकी तीन आजी-आजोबा ज्यू वंशाचे असताना लोक एकच समजत आले आणि आपण तो गैरसमज राहू दिला. जर्मनीत ज्यूंचे नागरिक म्हणून असलेले हक्क काढून घेणारे न्युरेंबर्गचे कायदे होऊन जेमतेम वर्ष उलटलं होतं, तेव्हा ही बाब नुसती वंशावळीची नव्हती. आणि दुसरी, खेड्यात शिकवताना मुलीला मारलं आणि विचारल्यावर नाकारलं. हे सांगताना मात्र त्याला स्वतःला अधिक आवरून धरावं लागत होतं, असं तिने लिहिलं आहे.

पण तो मित्रांना सांगून थांबला नाही. त्याच सुमारास तो ओटरथालला गेला. दहा वर्षांनी. जी मुलं आता तरुण झाली होती, शेतात, कामावर लागली होती, त्यांच्या घरी जाऊन, दार वाजवून, मी तुला मारलं, मला क्षमा कर, असं म्हणाला. निदान चार घरी तरी गेला. काहींनी मोठ्या मनाने बोलून त्याला मोकळं केलं. आणि ज्या मुलीचे केस त्याच्या हातात आले होते तिच्यासमोर उभा राहिला तेव्हा ती तुच्छतेने एवढंच म्हणाली, हो, हो.

त्या हो-हो वर मी बराच विचार करत आले आहे. मूर काय किंवा स्किनर काय, ते त्याच्यावर प्रेम करणारे होते. त्यांच्यापुढे कबुली द्यायला धैर्य लागलं असेल, पण तिथे हरण्यासारखं फार नव्हतं. ओटरथालमध्ये त्याला ओळखणारं सगळं होतं, मानणारं कुणी नव्हतं. तिथे त्याची बुद्धी कामाची नव्हती, केंब्रिज कामाचं नव्हतं. त्या मुलीला त्याच्या आत्मशुद्धीशी देणंघेणं नव्हतं आणि क्षमा नाकारण्याचा तिचा हक्क अबाधित होता. आणि क्षमा मागण्याला अर्थ येतो तो नेमका तिथेच, जिथे समोरचा नाही म्हणू शकतो.

त्याचं उत्तरकालीन तत्त्वज्ञान मला इथे हाताला लागतं. शब्दाचा अर्थ डोक्याच्या आत कुलुपात ठेवलेला नसतो, तो माणसांच्या एकमेकांतल्या व्यवहारात असतो, हे तो त्या पुस्तकात शेकडो बाजूंनी दाखवत राहतो. मग पश्चात्तापाचं तरी वेगळं काय असणार? मनातल्या मनात कितीही जळलं तरी ज्याचा कान पिळला त्याच्या उंबऱ्यापर्यंत ते पोहोचलं नाही, तर ते काय आहे? १९३१ सालीच त्याने वहीत लिहून ठेवलं होतं की कबुली ही नव्या आयुष्याचा भाग असायला हवी. आणि १९३७ साली लिहिलं, तुझ्या गर्वाची इमारत पाडायला हवी, आणि ते भयंकर कष्टाचं काम आहे.

इमारत पडली का? वर्ष संपता संपता त्यानेच नोंद केली की कबुलीने काही काळ मन स्थिर झालं होतं, पण आता ते सगळं वापरून संपल्यासारखं वाटतंय, पूर्वी होतो तिथून फार दूर गेलेलो नाही. हे वाचून मला त्याच्याबद्दल आदर वाटला. आपण बदललो, आता सुटलो, असं जाहीर करणारी माणसं पुष्कळ असतात.

मग १९३८ चा मार्च आला, हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, आणि ज्या वंशावळीची कबुली त्याने दिली होती तीच आता बहिणींच्या जिवावर उठली. हेर्मिने आणि हेलेने व्हिएन्ना सोडायला तयार नव्हत्या. १९३९ साली ब्रिटिश नागरिकत्व मिळाल्यावर तो जुलैत व्हिएन्ना, बर्लिन आणि तिथून न्यूयॉर्कला गेला. घराण्याची परदेशातली संपत्ती, सुमारे १.७ टन सोनं, राइशबँक या जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेच्या हवाली करायचं आणि बदल्यात आजोबा हेर्मान ख्रिस्तियान ज्यू नव्हतेच असा दाखला मिळवायचा, असा तो सौदा होता. दाखला मिळाला. बहिणी त्यांच्या घरात वाचल्या. पाउल हा भाऊ, युद्धात उजवा हात गमावूनही पियानो वाजवत राहिलेला, ज्याच्यासाठी संगीतकार राव्हेलने फक्त डाव्या हाताने वाजवायचा पियानो कॉन्चेर्तो लिहिला, तो या सौद्यापायी कुटुंबापासून कायमचा तुटला.

दोनच वर्षांपूर्वी खऱ्या वंशाबद्दल मौन पाळलं म्हणून तळमळणारा हा माणूस आता एका खोट्या दाखल्यासाठी अधिकाऱ्यांच्या टेबलासमोर बसला. मला त्यात ढोंग दिसत नाही. बहिणींचा जीव आणि आपली निर्मळता यांत त्याने बहिणींचा जीव निवडला, आणि योग्य निवडला. निर्दोष व्हायचंय म्हणणाऱ्याला एवढं तरी कळलं असेल की काही वेळा निर्दोष राहणं हाच स्वार्थ असतो. सोनं नाझींच्या तिजोरीत गेलं, हेही तितकंच खरं आहे.

सौदा तरी दिसत होता, मोजता येत होता. फ्रान्सिस स्किनरचं तसं नव्हतं. स्किनर केंब्रिजमधला गणिताचा अत्यंत हुशार विद्यार्थी, विट्गेन्स्टाइनहून २३ वर्षांनी लहान, लाजरा, त्याच्यावर निस्सीम प्रेम करणारा. प्राध्यापकीने माणूस खोटा होतो, हातांनी काम कर, असं विट्गेन्स्टाइनने त्याला पटवलं. मुलाने ऐकलं. गणित सोडलं आणि केंब्रिजमधल्या उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात मेकॅनिक झाला. घरच्यांना हे कधीच उमजलं नाही. विट्गेन्स्टाइन मात्र हळूहळू त्याच्यापासून दूर होत गेला. १९४१ च्या ऑक्टोबरमध्ये स्किनर पोलिओने गेला, वय २९.

स्वतः प्राध्यापकाची खुर्ची असताना विट्गेन्स्टाइन त्या सुमारास लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये औषधं वॉर्डांत पोहोचवणारा हमाल म्हणून राबत होता. बॉम्ब पडत असताना तत्त्वज्ञान शिकवत बसणं त्याला सहन होत नव्हतं. इतरांना मी जे सांगतो ते मी करतो, असं त्याला म्हणता आलं असतं. पण त्याने तसं म्हटलं नाही. पुढे कित्येक वर्षं त्याच्या वह्यांत फ्रान्सिसचं नाव येत राहतं, आणि दर वेळी एकाच सुरात : मी त्याच्याशी प्रेमशून्य वागलो, मी अपराधी आहे.

१९४४ च्या नोव्हेंबरात त्याने आपला विद्यार्थी नॉर्मन माल्कम याला लिहिलेलं पत्र तत्त्वज्ञान शिकणाऱ्या प्रत्येकाने वाचावं असं आहे. तत्त्वज्ञान शिकून तर्काच्या अवघड प्रश्नांवर बऱ्यापैकी बोलता आलं, पण रोजच्या जगण्यातल्या महत्त्वाच्या प्रश्नांबद्दलचा विचार सुधारला नाही, तर शिकण्याचा उपयोग काय, असं तो विचारतो. माल्कमने पाच वर्षांपूर्वी ब्रिटिशांच्या ‘राष्ट्रीय स्वभावा’बद्दल एक ढोबळ वाक्य टाकलं होतं. तेवढ्यावरून त्याने माल्कमबरोबर फिरायला जाणं बंद केलं होतं, आणि ते वाक्य तो विसरला नव्हता. किती दुराग्रही, असं वाटतं. पण ज्याने एका खोट्या उत्तरासाठी दहा वर्षं झोप घालवली, त्याला दुसऱ्याचं ढिलं वाक्यही लहान वाटणार नाही.

२९ एप्रिल १९५१ रोजी केंब्रिजमध्ये, आपल्या डॉक्टरांच्या घरी, तो कर्करोगाने गेला. मित्र येत आहेत असं डॉक्टरांच्या पत्नीने सांगितलं तेव्हा, त्यांना सांगा माझं आयुष्य अतिशय छान गेलं, असं तो म्हणाला. माल्कमला या वाक्याचा उलगडा झाला नाही, कारण त्याने पाहिलेलं आयुष्य दुःखानेच भरलेलं होतं. ते वाक्य समाधानाचं होतं की मित्रांना धीर देणारं, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यापेक्षा ओटरथालच्या त्या बाईबद्दल जाणून घ्यावंसं वाटतं. तिला तो किती मोठा तत्त्वज्ञ होता हे पुढे कुणीतरी सांगितलंच असणार. तरी तिने आपलं उत्तर बदललं असेल असं मला वाटत नाही, आणि ते बदलायची तिला काहीच गरज नव्हती.